तीन ड्रीमकॅचर आणि एक वाकडं कडं

बिछान्याच्या डोक्याकडची भिंत बरेच दिवस रिकामी होती. तिथे हाताने केलेले तीन ड्रीमकॅचर, म्हणजे गोल कड्यात दोऱ्याचं जाळं विणून खाली पिसं लोंबवलेल्या वस्तू, लावायचे ठरवले: मोठा ३० सेंटिमीटर व्यासाचा, मधला २० सेंटिमीटरचा आणि धाकटा तळहाताएवढा. व्हिडिओत हे काम दहा मिनिटांत उरकतं. माझे चोवीस दिवस गेले. कुठे अडले, काय उसवलं आणि काय फुकट गेलं ते त्या त्या दिवशी लिहून ठेवलं, तेच इथे देते आहे. मदतीला भाची होती. मदत म्हणजे निम्मा वेळ टीका.

४ जानेवारी

सामान जमवलं. मधल्यासाठी ३ मिलिमीटर जाडीच्या सळईचं धातूचं कडं, मोठ्यासाठी भरतकामाची लाकडी रिंग, धाकट्यासाठी झाडाचा फोक आणायचा आहे. गुंडाळायला ३ मिलिमीटर रुंदीची स्वेड लेस (मऊ लव असलेल्या चामड्यासारखी पट्टी), जाळ्याला १ मिलिमीटरचा मेण लावलेला सुती दोरा, लाकडी मणी, पिसं, फॅब्रिक ग्लू, कात्री, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. हे चिमटे पुढे इतके उपयोगी पडले की तिसरा हात म्हणूनच त्यांची नोंद करते.

उत्साहात लगेच धातूच्या कड्याला लेस गुंडाळायला घेतली. परीघ ६३ सेंटिमीटर. मी मनाशी हिशोब केला की दुप्पट लेस घ्यावी, आणखी थोडी वर. म्हणून दीड मीटर कापली. बरोबर अर्ध्या कड्यावर लेस संपली.

हिशोब आधी कागदावर करायला हवा होता. ६३० मिलिमीटर परीघ, लेस ३ मिलिमीटर रुंद, म्हणजे शेजारी शेजारी २१० वेढे. सळई आणि लेसची जाडी धरून एका वेढ्याला साधारण १४ मिलिमीटर लेस जाते. झाले जवळजवळ ३ मीटर. टोकं आणि हातचं धरून साडेतीन. कड्याचा घेर मोजून लेस कापू नका, वेढे मोजून कापा.

जोड देता आला असता. पण दुसरी गुंडाळी आणली तर तिचा तपकिरी रंग पहिलीपेक्षा एक छटा फिका. शेजारी धरल्याशिवाय कळत नाही, आणि कड्यावर दोन्ही शेजारीच येणार. सगळं सोडवलं. दीड तास गेला. ती दीड मीटर लेस खाली लोंबणाऱ्या पट्ट्यांसाठी ठेवली आहे.

५ जानेवारी

नव्या लेसने पुन्हा सुरुवात. काल वेढे सैल पडत होते म्हणून आज कड्याला आधी गोंद फासला आणि त्यावर गुंडाळत गेले. गोंद वेढ्यांच्या फटींतून वर आला, स्वेडवर पसरला आणि वाळल्यावर तिथे काळपट, कडक डाग पडले. स्वेडवरचा गोंद निघत नाही. घासला तर लव निघते आणि डाग तिथेच राहतो.

पुन्हा सोडवलं. डागाळलेला तुकडा कापून टाकला, उरलेली लेस पुरली ती केवळ हातचं धरलं होतं म्हणून. आता गोंद फक्त सुरुवातीला, शेवटी आणि मध्ये दर पाच सेंटिमीटरवर टाचणीच्या टोकाने एक ठिपका. उठताना शेवटच्या वेढ्यावर चिमटा लावायचा. चहाला उठले तेव्हा चिमटा न लावल्याने वीस वेढे उलगडले, ते वेगळं.

८ जानेवारी

सगळ्यात मोठी चूक आजची.

भरतकामाच्या रिंगेला दोन कडी असतात. बाहेरच्याला स्क्रू असतो, आतलं साधं. मी आतलं कडं घेतलं, कारण ते दिसायला नीट. त्यावर बारा ठिकाणी दोरा अडकवून जाळं विणायला बसले. दोरा ताठ असला की जाळं सुंदर दिसतं असं डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून प्रत्येक गाठीला खेचून ओढत होते. सहा फेरे झाले. जाळं खरंच तंतुवाद्याच्या तारेसारखं लागलं, टिचकी मारली की वाजत होतं.

टेबलावर ठेवलं तर कडं टेकेचना. एक बाजू दोन सेंटिमीटर वर. दाबली की पलीकडची उठते. पट्टी लावली तर एका दिशेने ३० सेंटिमीटर आणि आडव्या दिशेने साडेअठ्ठावीस. गोल उरलंच नव्हतं, चपटंही उरलं नव्हतं.

भाची म्हणाली, ‘‘मावशी, हे असंच लाव, मॉडर्न आहे.’’

विणायला दोन तास, उसवायला दीड. मेणाच्या दोऱ्याच्या गाठी एकमेकींत रुततात. शेवटी कात्री लावली, साडेसात मीटर दोरा कचऱ्यात गेला.

एकेका गाठीचा ताण किरकोळ वाटतो. पण बारा ठिकाणी, सहा फेऱ्यांचा मिळून तो कड्याला आत खेचत राहतो, आणि बारीक कडं जिथून हलकं असेल तिथून पीळ घेतं. जाळं विणण्याची मला भीती होती, ते तीन दिवसांनी जमलंसुद्धा. पुढे जे जे बिघडलं त्यातलं बहुतेक कड्यापाशीच बिघडलं.

९ जानेवारी

मोठ्या कड्यावर उपाय सापडला. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही कडी एकमेकांत बसवून, मध्ये लाकडाचा गोंद लावून स्क्रू आवळला आणि रात्रभर ठेवलं. आता जाडी दुप्पट आहे, आणि दोन कड्यांचे जोड वेगवेगळ्या जागी आल्यामुळे पीळही घेत नाही. स्क्रू वरच्या बाजूला ठेवायचा, टांगण्याची जागा तिथेच मिळते.

पण इतक्या जाड कड्याला ३ मिलिमीटरची लेस गुंडाळायची तर हिशोब १२ मीटरच्या वर गेला. यावेळी आधी केला हिशोब! लेस सोडून दिली. जुन्या सुती चादरीच्या २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या फाडल्या, कापल्या नाहीत. फाडल्या की कडेचे धागे सुटतात आणि ते मला आवडलं. निम्म्यावर निम्मी चढवत गुंडाळलं, चार मीटरमध्ये काम झालं. कापड गोंद पिऊन घेतं, डाग दिसत नाही. स्वेडपेक्षा सुरुवात कापडानेच करावी असं आता वाटतं.

११ जानेवारी

धातूच्या कड्यावर जाळं. हे नीट लिहिते, कारण इथेच लोक घाबरतात.

आधी खुणा. मी डोळ्याच्या अंदाजाने आठ गाठी मारल्या होत्या. सात बरोबर आल्या आणि आठवीला निम्मीच जागा उरली. जाळं त्या बाजूला दाटलं आणि मधलं भोक सरकलं. उसवलं. मग कागदावर कड्याचा घेर काढला, घडी घालून आठ भाग केले, कडं त्यावर ठेवून प्रत्येक खुणेवर रंगीत दोऱ्याचा तुकडा बांधला. पाच मिनिटांचं काम.

गाठ एकच आहे आणि शेवटपर्यंत तीच. दोरा कड्यावरून मागे न्यायचा, कड्याच्या आतल्या बाजूने पुढे आणायचा आणि आणताना आपल्याच दोऱ्याच्या फासातून ओवून घ्यायचा. दुसऱ्या फेरीपासून कड्याऐवजी मागच्या फेरीच्या दोऱ्याच्या मध्यावर तीच गाठ. प्रत्येक वेळी एकाच दिशेने. मी एकदा बोलता बोलता उलट ओवली, तर ती गाठ घसरत राहिली आणि तिच्यावर बांधलेला पुढचा फेराही तिच्यामागून सरकला.

ताणाचं माप शब्दांत सांगणं कठीण. पहिला फेरा सरळ दिसला पाहिजे, पण बोटाने दाबला तर सहज आत गेला पाहिजे. दुसरा फेरा त्याला मध्यावर धरून आत ओढतो, तेव्हाच ती चौकटीसारखी घरं तयार होतात. पहिला फार आवळला तर दुसऱ्याला ओढायला काही उरतच नाही. जाळं कडेला कडेला गोल फिरत राहतं, मध्याकडे सरकत नाही. फार सैल सोडला तर शेवटी मध्यात झोळ पडतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. प्रत्येक फेरीनंतर कडं टेबलावर टेकवून बघायचं, टेकलं तर पुढे जायचं.

दोरा: २० सेंटिमीटरच्या कड्यावर आठ गाठींनी मला तीन मीटरच्या जवळपास लागला. बारा गाठी घेतल्या तर घरं लहान होतात, मध्यापर्यंत पोचायला फेरे जास्त लागतात आणि दोरा पाच मीटरपर्यंत जातो. इतका लांब दोरा प्रत्येक गाठीतून ओढत बसलं की खांदा दुखतो आणि गुंता होतो. पुठ्ठ्याचा बोटाएवढा तुकडा दोन्ही टोकांना खाचून त्यावर दोरा गुंडाळायचा आणि तो तुकडाच ओवत जायचा. घरं फार बारीक झाली की उरलेला दोरा उलगडून सुईत घ्यायचा.

मणी विसरले. पाचव्या फेरीत आठवलं. गाठ मारायच्या आधी मणी दोऱ्यात ओवायला लागतो, नंतर घालता येत नाही. सहाव्या फेरीत तीन घातले. मेणाच्या दोऱ्याचं टोक फुलून मण्याच्या भोकात शिरत नव्हतं. त्याला नेलपॉलिश लावून वाळवलं आणि तिरकं कापलं, मग सुईसारखं गेलं.

मध्यात साधारण रुपयाच्या नाण्याएवढं भोक ठेवून शेवटचा फेरा सगळ्या घरांतून नुसता ओवून घेतला, ओढला आणि दोन गाठी मारल्या. मेणाची गाठ एकटी टिकत नाही, म्हणून वर गोंदाचा थेंब. दोन तास लागले, न उसवता!

१२ जानेवारी

मोठ्या कड्यावर जाळं पुन्हा. बारा गाठी. दोरा सातव्या फेरीत संपला. जोड मध्येच, दोन गाठींच्या मधल्या मोकळ्या दोऱ्यावर दिला. तो गाठोड्यासारखा दिसायला लागला. दोन घरं मागे जाऊन जोड एका गाठीच्या मागे नेला, टोकं उलट्या बाजूला गोंदाने चिकटवली. कडं टेबलावर टेकतंय. एवढंच बघायचं होतं.

१४ जानेवारी

धाकट्याची सुरुवात. भाचीने यासाठी बरंच वाचून ठेवलं होतं. ड्रीमकॅचर मूळचे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या परिसरातल्या ओजिब्वे लोकांचे. अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या नोंदींत हे कडं जेमतेम साडेतीन इंचांचं, म्हणजे ९ सेंटिमीटरच्या आसपास आहे. लाकडाचं, तान्ह्या बाळाच्या पाळण्याला टांगलेलं. जाळं बहुतेक लाल रंगवलेल्या सुताचं, आणि त्याही आधी खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या नेटल नावाच्या झाडाच्या तंतूंचं. कोळ्याच्या जाळ्यात जसं काही अडकतं तसं वाईट ते यात अडकावं, ही कल्पना. तेव्हा धाकट्याचा दोरा लाल घ्यायचा ठरला, पिसं एकच, आणि मणी नाही. मी करते आहे ती भिंतीची सजावट आहे. त्यांच्या वस्तूचं नाव घेतलंय तर निदान आकार तरी माहीत असावा, असं भाचीचं मत. मला पटलं.

तुतीचे ओले फोक आणले, पेन्सिलीपेक्षा थोडे बारीक. पहिला सरळ वाकवला, मोडला. दुसरा मोडला. तिसऱ्याला आधी अंगठ्यांनी दर बोटभर अंतरावर हळूहळू बाक देत गेले, दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बरणीभोवती गुंडाळला, टोकं एकमेकांवर चार सेंटिमीटर चढवून चिमटे लावले.

१५ जानेवारी

घाई केली. फोक अजून हिरवा होता, पण गोल दिसत होता, म्हणून जोड बांधला, लेस गुंडाळली, लाल दोऱ्याचं जाळंही विणलं. लहान कड्यावर जाडजूड फोकाच्या आतल्या बाजूला वेढे एकमेकांवर चढतात आणि बाहेरच्या बाजूला फटी पडतात, कारण आतला घेर बाहेरच्यापेक्षा बराच कमी. मोठ्या कड्यावर हे जाणवलंच नव्हतं. लेस काढून टाकली, साल तशीच ठेवली. सालीवर दोरा घसरत नाही, लेसची गरजच नव्हती.

२१ जानेवारी

अपेक्षेप्रमाणे. फोक वाळला, बारीक झाला, साल सुरकुतली. जोडावर बांधलेला दोरा बांगडीसारखा फिरतोय. कडं अंड्याच्या आकाराचं झालंय आणि जाळ्याला एका बाजूला झोळ. पंधरा तारखेचं सगळं काम वाया.

बरं की त्याच दिवशी आणखी दोन फोक बरणीला बांधून ठेवले होते, ते आता खडखडीत वाळले आहेत. चिमटे काढले तरी गोल राहिले. जोड पुन्हा आवळून बांधला, सात गाठींचं जाळं विणलं. अर्धा तास. एवढ्या लहान कड्यावर ओढ कमी असते, वाकायची भीती नाही. ओला फोक आठ-दहा दिवस बांधून ठेवा आणि तोवर दुसरं काहीतरी करा.

२३ जानेवारी

पिसं. विकतच्या पिसांना वास होता आणि ती चुरगळलेली होती. कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून धुतली, हेअर ड्रायरच्या गार हवेवर देठाकडून टोकाकडे बोटं फिरवत वाळवली. अशी फुलली की पाकिटातलीच का असा प्रश्न पडला. बाहेर पडलेलं पीस उचलून आणण्याचा मोह आवरला. एक तर त्यात किडे असू शकतात, आणि रानपक्ष्यांची पिसं बाळगण्यावर काही ठिकाणी कायद्याने बंदी असते; अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९१८ पासून तसा कायदा आहे.

लेसच्या टोकाला पिसाचा देठ गोंदाने चिकटवून वर मणी सरकवला. संध्याकाळपर्यंत सातपैकी चार खाली. देठ गुळगुळीत आणि तेलकट असतो, गोंद धरत नाही. सेंटिमीटरभर देठ पॉलिशपेपरने खरवडला, लेसशी दोऱ्याने सहा-सात वेढे घेऊन आवळून बांधला, त्यावर गोंद आणि मग मणी. आता ओढून बघितलं तरी येत नाही.

२५ जानेवारी

टांगायचा दिवस. मधल्याला खाली तीन पट्ट्या बांधल्या, मध्यावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. वर जिथे लेसचा जोड होता तिथे दोरी बांधली. टांगला तर कडं चाकासारखं फिरून डावीकडे झुकलं. डावीकडच्या पट्टीवर मी एक मणी जास्त घातला होता आणि ती दोन सेंटिमीटर बाहेर होती. इतकं पुरतं. पट्ट्या सुटसुटीत गाठींनी बांधून आधी दाराच्या मुठीला टांगायचं, पट्ट्या सरकवून तोल साधायचा आणि मगच गाठी पक्क्या करायच्या.

तोल साधला तर पंख्याच्या वाऱ्याने कडं गरगर फिरून भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. एका बिंदूवर टांगलेली वस्तू फिरणारच. वर एका ठिकाणी बांधण्याऐवजी चार बोटांच्या अंतरावर दोन ठिकाणी दोरी बांधून दोन्ही टोकं दोन वेगळ्या खिळ्यांना अडकवली. फिरणं थांबलं.

पिसांचा गुंता मात्र झाला, २५ सेंटिमीटरच्या पट्ट्या रात्रभरात वेणीसारख्या गुंफल्या होत्या. १५ वर आणल्या आणि पिसांच्या थोडं वर एकेक जड लाकडी मणी घातला. आता त्या ओळंब्यासारख्या सरळ लोंबतात. थोड्या हलतात, गुंतत नाहीत.

२७ जानेवारी

तिन्ही भिंतीवर. मोठा मध्ये, मधला उजवीकडे खाली, धाकटा बिछान्याच्या जवळ, हात पोचेल असा. एकूण सत्तावीस तास झाले, त्यातले दहाच्या आसपास सोडवण्यात आणि उसवण्यात. वाया गेलं ते: साडेदहा मीटर दोरा, मीटरभर लेस, तीन फोक. पैसा सर्वांत जास्त लेसवर गेला. चादरीच्या पट्ट्या फुकट होत्या आणि भिंतीवर त्याच बऱ्या दिसतात.

मधल्याचं भोक नीट बघितलं तर किंचित डावीकडे आहे. भाचीला दाखवलं. ती म्हणाली की तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण मी पुन्हा उसवीन म्हणून ती बोलली नाही.

उरलेला एक फोक अजून बरणीला बांधलेला आहे. तो तिला हवाय. दोरा हिरवा पाहिजे म्हणते.